कुंपणाच्या आतली विहीर

बाबांची कबर हलवायची की नाही यावर मतं घेण्याआधी हेडमास्तरांनी प्रार्थना केली, आणि ती इतकी लांबली की पाळकीणबाईंनी मध्येच डोळे उघडून पंख्याचा वेग वाढवला. देवाला विचारण्यापेक्षा हेडमास्तरांनी सांगितलंच जास्त. मृतांना शांती हवी असते, वडीलधाऱ्यांच्या खुणा पुसणाऱ्यांचं भलं होत नाही, तरुणांना नम्रता दे, असं सगळं त्यात आलं. देवाला मधे काही बोलायचं असतं तरी वाव नव्हता. शेवटचं आमेन सगळ्यात मोठ्याने त्यांची पुतणी म्हणाली, कारण तिला एकदाची सुरुवात हवी होती.

ही पाळकांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव फक्त दाखल्यांवर उरलं होतं. तिसऱ्या वर्षी तिने नळाचा वॉशर गिळला, दोन दिवस घराने श्वास रोखून वाट पाहिली, आणि तेव्हापासून ती वॉशर झाली. पुढे ती खरोखरच प्लंबर झाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हे आपण आधीच ओळखलं होतं असं वाटलं.

चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी हेडमास्तर, पाळक, पाळकीणबाई आणि वॉशर हे चौघं आणि वॉशरची आत्या, असे पाच जण बसले होते. खोलीत गायनमंडळाच्या झग्यांचं कपाट होतं, त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. टेबलावर वॉशरने नकाशा पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर गीतांची चार पुस्तकं ठेवली होती. नकाशात चर्चचं भलंमोठं छप्पर होतं, छपरावरून उतरणारे पाईप होते आणि आवाराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जमिनीखालची पाण्याची टाकी. छपरावर पडणारं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि रस्त्यापलीकडच्या खालच्या वस्तीला द्यायचं. वस्तीत सरकारी नळाला तीन दिवसांतून एकदा पाऊण तास पाणी येई. बेत चोख होता. फक्त त्या खालच्या कोपऱ्यात बाबा होते.

बाबा म्हणजे या तिघा भावंडांचे वडील. त्यांनीच ही ख्रिस्ती मंडळी उभी केली, शाळा काढली, मुलींचं वसतिगृह काढलं. पंचवीस वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्याच इच्छेने त्यांना त्या कोपऱ्यात पुरलं. मंडळीच्या नियमाप्रमाणे कबर हलवायची तर सगळ्या मुलांच्या लेखी सह्या लागत. थोरले हेडमास्तर, मधली आत्या म्हणजे मेट्रन आणि शेंडेफळ पाळक.

पाळकांची सही आधीच झाली होती. खरं तर या भानगडीत ते एका फॉर्ममुळे पडले होते. परदेशातल्या मिशनने टाकीसाठी मदत द्यायची तयारी दाखवली आणि चाळीस पानी फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता: 'प्रकल्पाची शाश्वतता कशी राखली जाईल?' पाळकांनी लिहिलं, देवाच्या कृपेने. फॉर्म परत आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी 'देवाच्या कृपेने व नियमित देखभालीने' असं लिहिलं, ते चाललं. पुढच्या रकान्यात हितधारकांची नावं विचारली होती. हितधारक म्हणजे कोण हे पाळकांना नीटसं कळलं नाही. त्यांनी स्वतःचं, भावाचं, बहिणीचं नाव लिहिलं आणि कंसात बाबांचं, 'प्रभूमध्ये निद्रिस्त' असा शेरा मारून.

हेडमास्तरांचा विरोध सगळ्यांना अपेक्षित होता. त्याचं खरं कारण मात्र फक्त वॉशरला माहीत होतं, कारण जमीन मोजताना ती त्या कारणाला ठेचकाळली होती. हेडमास्तरांचं लग्न राहून गेलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बाबांच्या शेजारची जागा स्वतःसाठी हेरून ठेवली होती, शाळेच्या टेपने सहा बाय तीन मोजून चार कोपऱ्यांत चार विटा पुरल्या होत्या, आणि दर रविवारी उपासनेनंतर ते तिथे जाऊन विटा कुणी हलवल्या नाहीत ना ते बघत. आता हे बैठकीत कसं सांगणार? म्हणून ते मृतांच्या शांतीवर बोलत राहिले. बाबा आयुष्यभर वस्तीसाठी झिजले, आता तरी त्यांना निवांत पडू द्या, असं त्यांचं म्हणणं.

"काका, आजोबा झिजून संपलेत," वॉशर म्हणाली. "वस्ती अजून आहे."

पाळकांनी मुलीकडे डोळे वटारले. हसू आलेलं दिसू नये म्हणून पाळकीणबाई झग्यांच्या कपाटाकडे वळल्या.

आता सगळा भार मेट्रनवर होता. मेट्रन म्हणजे सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई. डॉक्टरसुद्धा तिच्या वॉर्डात बूट पुसून येत. तिचं मत सगळ्यांना पाठ होतं. चारच दिवसांपूर्वी तिने वॉशरला फोनवर सांगितलं होतं की हाडांना काय कळतंय, कुठेही ठेवा. हेडमास्तर एकटे पडले तर लाजेने सही करतील, असा आत्या-भाचीचा डाव ठरला होता. त्याप्रमाणे मेट्रनने चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला. सही करण्याआधी वाचायची तिची सवय. तिने नकाशा पाहिला. टाकीवर बोट ठेवलं.

"किती खोल जाणार म्हणालीस?"

"बारा फूट."

मेट्रनने टोपण परत लावलं. ते बसल्याचा टक असा आवाज झाला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

हेडमास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक प्रार्थना सुचवली. कुणी डोळे मिटले नाहीत. पाळकांना बहिणीचं वागणं कळेना. लहानपणापासून तिने एकदा दिलेला शब्द फिरवलेला त्यांनी पाहिला नव्हता. वॉशरच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचाच तिला राग आला. दोन महिने ती या आवारात उतार मोजायची लेव्हल-ट्यूब घेऊन वाकली होती. नकाशा गुंडाळून तिने काखेत मारला आणि आत्याच्या मागे निघाली.

मेट्रन कबरीपाशी उभी होती. चप्पल काढून एका पायाने माती दाबून बघत होती, जसं पेशंटचं पोट दाबून दुखतं का ते बघतात.

वॉशर भांडायच्या तयारीने आली होती. म्हाताऱ्या माणसांना आयत्या वेळी देव आठवतो, तसं काही झालं असेल तर सरळ सांग, असं ती म्हणाली. मेट्रनने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तुझ्या आजोबांनी वस्तीसाठी विहीर खणली होती, ती कुठे होती सांग."

वॉशरला वाटलं, हे कुणालाही सांगता येईल. विहिरीची गोष्ट दरवर्षी बाबांच्या स्मरणदिनी व्यासपीठावरून सांगितली जायची. बाबांनी स्वतः कुदळ मारली, पाणी लागलं, वस्तीची तहान भागली, आणि पुढच्याच वर्षी विहीर आटली. कुठे होती, हे मात्र गोष्टीत नव्हतं. वसतिगृहाकडे कुठेतरी, वॉशर म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं.

"बरोबर," मेट्रन म्हणाली. "उभी आहेस तीच जागा. आणि ती आटली नव्हती."

मग तिने सांगितलं. एक्केचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती तेव्हा बावीस वर्षांची होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. हेडमास्तर शिक्षकांच्या ट्रेनिंगला बाहेरगावी होते आणि पाळक सहा वर्षांचे. बाबांना विहीर आवारातच हवी होती, म्हणजे देखरेख ठेवता येईल आणि पाणी भरायला येणाऱ्यांच्या कानावर दोन चांगले शब्दही पडतील. वस्तीतल्या विहिरी खणणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना हटकलं होतं की इथे खणू नका, वरच्या अंगाला वसतिगृहाचा संडासाचा खड्डा आहे. बाबांनी त्याचे आभार मानले, त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि तिथेच खणलं. वर्षभर सगळं छान चाललं. मग एका आठवड्यात वस्तीतले साठ जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. मेट्रनने शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर त्यांची सेवा केली. सात जण गेले. पाणी तपासायला तिनेच पाठवलं होतं, आणि निकालाचा कागद तिनेच बाबांच्या हातात दिला.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. रात्रभर गुडघ्यावर बसले होते. सकाळी माणसं लावून विहीर बुजवली, वर फुलझाडांचा वाफा केला. मला म्हणाले, हे बाहेर गेलं तर शाळा बंद पडेल, वसतिगृह बंद पडेल, सगळं केलेलं मातीत जाईल. माझ्याकडून वचन घेतलं. आणि मरताना म्हणाले, मला तिथेच ठेवा." मेट्रनने चप्पल पायात सरकवली. "सगळ्यांना वाटलं, किती साधा माणूस, कोपऱ्यातली जागा मागितली. बाबांनी स्वतःचं झाकण केलं, एवढंच मला कळलं होतं."

वॉशर त्या जागेवरून दोन पावलं मागे सरली. तिने विचारलं की मग फोनवर होकार का दिला होतास. मेट्रन म्हणाली की तेव्हा तिला वाटलं चार फूट खणतील, बाबांना उचलतील, आणि खाली काय आहे ते कुणालाच दिसणार नाही. बारा फुटांत सगळं वर येणार होतं. विटांचं कडं, दोर घासल्याच्या खुणा, सगळं.

"आता काय करू ते तू सांग," मेट्रन म्हणाली. सगळ्या वॉर्डाला हुकूम सोडणारी आत्या आपल्याला विचारते आहे, याची वॉशरला त्या गुपितापेक्षाही जास्त भीती वाटली. ती म्हणाली, आईला विचारू.

पाळकीणबाईंना विचारायचं हे या घरात सगळेच शेवटी करत, फक्त कबूल कुणी करत नसे. मंडळीचा शिवणवर्ग, पाळणाघर आणि बायकांची बचतीची मंडळं त्या चालवत. त्यांचे यजमान उपदेश करत. कशाने जास्त लोकांचं भलं झालं यावर मंडळीत दोन मतं नव्हती. त्यांनी शिवणयंत्रावरून न उठता सगळं ऐकून घेतलं, दोरा तोडला आणि दोघा भावांना बोलावणं पाठवलं.

हेडमास्तरांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग ठेवला, आणि बसले ते बसलेच. गेली चोवीस वर्षं स्मरणदिनी विहिरीची गोष्ट तेच सांगत आले होते, दरवर्षी थोडी भर घालून. गेल्या वर्षी तर पहिली बादली वर आली तेव्हा आकाशात इंद्रधनुष्य उमटलं होतं. थोडा धीर आल्यावर त्यांनी तोडगा सुचवला. कुणाला काही कळायची गरज नाही. टाकीचा बेत रद्द करू, मिशनला कळवू की जमीन योग्य नाही. ते खोटंही नाही.

"खोटं नाही, पण आपलं नेहमीचंच आहे," मेट्रन म्हणाली.

उद्याच स्मरणदिन होता. दरवर्षीप्रमाणे वस्तीतली माणसं येणार होती, मागच्या बाकांवर बसणार होती. पाळकांच्या खिशात उपदेशाचे सात कागद होते, त्यातले तीन विहिरीवर. त्यांचा स्वभाव मुळात भित्रा. मंडळीच्या पंचांपैकी कुणी भुवई उंचावली तरी ते बोललेलं मागे घेत. ती काहीतरी मधला मार्ग काढेल अशा आशेने त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही उद्या सांगा," पाळकीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर सोमवारी शिवणवर्गात मी सांगते. शिवणवर्गात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे."

"पंच मला काढून टाकतील."

"मग घरी बसा. काज-बटण शिकवते."

त्या दिवशी पाळक जेवले नाहीत. हेडमास्तर दोनदा जेवले, कारण घाबरले की ते तसंच करत.

रविवारी चर्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर पंच, मध्ये मंडळी, मागे वस्ती. वॉशर बाजूच्या दाराशी उभी राहिली आणि तिने वडिलांचा चेहरा पाहिला. दात काढायला निघालेल्या माणसाचा असतो तसा होता. त्यांनी खिशातून सात कागद काढले, व्यासपीठावर ठेवले, आणि त्यांवर चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे. पळवाट बंद करायची त्यांची ही रीत होती.

ते चार मिनिटं बोलले. विहीर कुठे खणली, कुणी नको म्हटलं होतं, कुणी ऐकलं नाही, किती जण गेले, आणि एक्केचाळीस वर्षं आपण काय सांगत आलो. आमचं कुटुंब तुमच्याशी खोटं बोललं, मी माफी मागतो, एवढं म्हणून ते थांबले. आमेन म्हणायचंही राहिलं. पेटीवाल्याला वाटलं उपदेशाची प्रस्तावना झाली, म्हणून तो तसाच बसून राहिला. पुढच्या बाकावर एका पंचाने खोकण्याचा प्रयत्न केला, तो अर्धवट राहिला.

मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उठली. वस्तीच्या तोंडाशी तिची टपरी होती. अर्ध्या मंडळीचे रविवारचे कपडे तिच्या हातून कडक होऊन येत, त्यामुळे तिच्यासमोर कुणालाच फार ताठ बसता येत नसे.

"पाळकसाहेब, आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

पाळकांनी घाईने चष्मा लावला.

तिने शांतपणे सांगितलं. वस्तीत हे पोराटोरांनाही माहीत आहे. ज्या म्हाताऱ्याने हटकलं होतं तो तिच्या सासऱ्यांचा चुलता. माणसं कशाने गेली ते त्यांच्या घरच्यांना कळणार नाही असं कुणाला वाटलं होतं? दरवर्षी बोलावता म्हणून येतो. शाळा चांगली होती, मेट्रनबाईंनी तेव्हा पोटच्या पोरीसारखं केलं होतं, म्हणून कुणी तोंडावर बोललं नाही. "गेल्या वर्षी इंद्रधनुष्य आलं, तेव्हा मात्र हसू आवरलं नाही. आम्हाला वाटलं तुम्हीही गंमत म्हणून सांगता."

मागच्या तीन बाकांवर हशा पिकला. हेडमास्तरांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मेट्रनला हसूही आलं नाही आणि रडूही. चाळीस वर्षं छातीवर धोंडा ठेवून आपण ज्यांच्यापासून काहीतरी लपवत होतो, ते आपलं मन राखत होते, हे पचायला तिला वेळ लागत होता.

पाळकांनी चाचरत विचारलं की आम्ही आता काय करावं. आणि पुढे घाईने टाकीचंही सांगितलं, कारण गप्प बसवेना. टाकी त्याच कोपऱ्यात होणार होती, त्यासाठी कबर हलवावी लागणार होती, त्यावरून घरात मतभेद होते, वगैरे.

"पण टाकी इथे कशाला?" इस्त्रीवाली म्हणाली. "पाणी आम्हाला पाहिजे ना? मग आमच्याकडे बांधा. ती चाकं नसलेली बस पडली आहे, तिच्या मागे जागाच जागा आहे."

दाराशी उभ्या असलेल्या वॉशरला हा प्रश्न आपल्याला आहे हे कळलं. मध्ये रस्ता आहे, ती म्हणाली. रस्ता खणायची परवानगी वर्षानुवर्षं मिळत नाही. इस्त्रीवालीने विचारलं की खणायचा कशाला, रस्त्याखालून मोरी जाते. चेंडू गेला की पोरं तिच्यातून आरपार जातात. पाईप जाणार नाही का?

वॉशरने दोन महिने आवाराचा प्रत्येक इंच मोजला होता. कुंपणाच्या भिंतीपर्यंत तिचा नकाशा अचूक होता. भिंतीपलीकडे तिने एक बाण काढला होता आणि त्यावर लिहिलं होतं: 'वस्ती'. तिने एकदाही रस्ता ओलांडला नव्हता. पाळकांना फॉर्मवरचा तो रकाना आठवला आणि आपण हितधारक म्हणून एका मेलेल्या माणसाचं नाव लिहिलं पण रस्त्यापलीकडच्या एकाही जिवंत माणसाचं नाही, हे ध्यानात येऊन त्यांचे कान तापले.

त्या दिवशी शेवटचं गीत झालंच नाही. इस्त्रीवाली पुढे, तिच्या मागे वॉशर, मेट्रन, पाळकीणबाई, मग अख्खी मंडळी आणि अख्खी वस्ती असे सगळे रस्ता ओलांडून खाली गेले. वॉशरने रविवारचे कपडे गुडघ्यापर्यंत दुमडले आणि मोरीत शिरली. पलीकडच्या टोकाला ती बाहेर आली तेव्हा केसांत जाळी होती आणि चेहरा पडलेला होता. मोरीला उतार होता. अगदी हवा तेवढा. बसमागची जागा चर्चच्या कोपऱ्यापेक्षा नऊ फूट खाली होती, म्हणजे पाणी पंपाशिवाय आलं असतं.

"इथे जास्त सोपं आहे," ती मेट्रनला म्हणाली. "मी गाढव आहे, आत्या."

"आजोबांवर गेलीस," मेट्रन म्हणाली. "त्यांनीही विहीर कुंपणाच्या आतच खणली. फरक एवढाच की तू कुदळ मारण्याआधी ऐकलंस."

बाबांना कुणी हलवलं नाही. पंचांनी पाळकांना काढायचा ठराव मांडला. मतं घ्यायच्या दिवशी, इस्त्रीवालीच्या शब्दावरून गावातल्या सगळ्या इस्त्र्या बंद असल्याने, ते चुरगळलेल्या सदऱ्यांत येऊन बसले आणि ठराव पुढे ढकलून उठले. मिशनला नवा फॉर्म गेला. हितधारकांच्या रकान्यात एकशे बारा नावं होती आणि पुरवणी जोडावी लागली. टाकी बांधायला चार महिने लागले. वस्तीतल्या दोन बायका पहिल्या दिवसापासून वॉशरच्या हाताखाली होत्या. तिसऱ्या महिन्यात त्या तिला सांगू लागल्या की हा सांधा गळणार, आणि तो गळला. चावी कुणाकडे राहणार, गाळणी कोण धुणार, पाणी कधी सोडायचं, हे वस्तीने आपसांत भांडून ठरवलं. त्या भांडणात मंडळीला बोलावलं नाही. पाळकांना त्याचं जरा वाईट वाटलं, पण पाळकीणबाई म्हणाल्या की हेच तर पाहिजे होतं.

हेडमास्तर चार महिने कुणाशी धड बोलले नाहीत. शेवटी एक दिवस ते वस्तीच्या बैठकीत जाऊन उभे राहिले आणि टाकीवर बाबांच्या नावाची पाटी लावायची का, असं विचारलं. वस्ती नको म्हणाली. ते वळून निघाले, तेव्हा इस्त्रीवालीने त्यांना थांबवलं. पाटी नको, पण भिंतीवर त्या सात जणांची नावं लिहायची आहेत आणि अक्षर तुमच्यासारखं कुणाचं नाही, तुम्ही याल का, असं तिने विचारलं. तिला आणि निम्म्या वस्तीला त्यांनीच मुळाक्षरं शिकवली होती.

ते घरोघरी गेले. प्रत्येक नाव विचारून घेतलं, वहीत उतरवलं, वाचून दाखवलं. दोन घरांत त्यांना बाहेर उभं केलं, तिथे ते उभे राहिले. पाणी सोडायच्या दिवशी सकाळी त्यांनी निळ्या रंगाचा डबा उघडला आणि टाकीच्या भिंतीवर एकाखाली एक सहा नावं काढली. सातव्याशी हात थांबला. त्या घरात कुणी उरलं नव्हतं म्हणे, वहीत जागा कोरीच होती. त्यांनी इस्त्रीवालीला विचारलं.

"ती माझी बहीण," ती म्हणाली. "आईबाप नंतर गेले, मी एकटीच राहिले. नऊ दिवसांची होती. नाव ठेवायचं होतं अजून."

हेडमास्तर ब्रश धरून उभे राहिले. रंगाचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला. मेट्रन पलीकडे पाण्याचा नमुना बाटलीत भरत होती, तिने बाटली खाली ठेवली.

"मी पाच वर्षांची होते," इस्त्रीवाली म्हणाली. "मी तिला ठकी म्हणायचे. फक्त मीच म्हणायचे."

"मग तेच लिहू?"

"लिहा."

हेडमास्तरांनी ब्रश बुडवला आणि भिंतीशी वाकले. दोनच अक्षरं होती, पण त्यांना वेळ लागला. इस्त्रीवाली त्यांच्या मागे उभी राहून बघत राहिली. रंग वाळू लागल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, चावी लावून तोटी सोडली आणि सगळ्यांना रांगेच्या वाटेतून हटायला सांगितलं, कारण मागे तीस-पस्तीस बायका बादल्या घेऊन केव्हाच्या ताटकळल्या होत्या.